अवकाशातला पासंग : व्हर्नर सुओमी

फर्स्ट इयरच्या फिजिक्स प्रॅक्टिकलला सगळ्यात आधी काय शिकवतात? व्हर्नियर कॅलिपर हातात घेतला की पहिल्यांदा झिरो एरर बघा. आणि आपण काय करतो? जर्नलमध्ये 'झिरो एरर : निल' असं टाकतो आणि मोकळे होतो. मीही तेच केलेलं आहे, उगाच साधूचा आव आणत नाही. पण समजा, तो कॅलिपर जमिनीपासून आठशे किलोमीटर वर फिरतोय. दर फेरीला उन्हात तापतोय, सावलीत गारठतोय, आणि एकदा वर गेल्यावर त्याला पुन्हा कुणाचा हात लागणार नाही. मग त्याची झिरो एरर कोण बघणार आणि कशी?

जुन्या किराणा दुकानांत तराजूच्या एका बाजूला छोटासा खडा बांधलेला दिसायचा. पारडी रिकामी असताना दांडी सरळ राहावी म्हणून. त्याला पासंग म्हणतात. उपग्रहावरच्या कॅमेऱ्यालाही असा पासंग लागतो, आणि तो जमिनीवर बांधून भागत नाही, वर गेल्यावर पुन्हा पुन्हा शोधावा लागतो. हे काम ज्यांच्या नावाशी जोडलं गेलं त्या व्हर्नर सुओमी यांची ही गोष्ट. (व्हर्नर आणि व्हर्नियर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. व्हायव्हात सांगू नका.)

सुओमी यांचा जन्म ६ डिसेंबर १९१५ चा, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एव्हलेथ या गावी. लोखंडाच्या खाणींचा हा भाग. घराणं फिनलंडहून आलेलं. आडनावसुद्धा देशाचंच, कारण फिनिश भाषेत फिनलंडला सुओमी म्हणतात. शिक्षण झालं ते कुठल्या बड्या इन्स्टिट्यूटमध्ये नाही, तर विनोना इथल्या शिक्षक तयार करणाऱ्या कॉलेजात. १९३८ साली तिथून बाहेर पडून ते शाळेत विज्ञान शिकवू लागले. पुढे दुसरं महायुद्ध आलं, विमानांमुळे हवामानाच्या जाणकारांची गरज एकदम वाढली आणि हे शाळामास्तर शिकागो विद्यापीठात हवामानशास्त्राकडे वळले. तिथे कार्ल रॉस्बी यांच्यासारखा दिग्गज होता. १९४८ मध्ये सुओमी विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसनला आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. पीएच.डी. मिळाली १९५३ साली, म्हणजे वयाच्या सदतिसाव्या वर्षी. बॅकलॉगवाल्यांनी ही तारीख लक्षात ठेवायला हरकत नाही.

त्या पीएच.डी.चा विषय ऐकून आपल्याकडचा एखादा गाइड हसला असता. मक्याच्या शेताचा उष्णतेचा जमाखर्च! शेतावर ऊन किती पडतं, त्यातलं किती परत फेकलं जातं, माती किती तापते, पानांमधून पाणी उडून जाताना किती उष्णता खर्च होते, याचा हिशेब. ऐकायला सोपं वाटतं, पण यात एक खोच आहे. जमा मोठी, खर्चही मोठा, आणि आपल्याला हवी असते ती मधली बारीकशी शिल्लक. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी केली की उत्तर छोटं येतं, पण चुका मात्र छोट्या होत नाहीत. एरर अॅनालिसिसमध्ये आपण हे शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो. सुओमी यांना ते मक्याच्या शेतात उभं राहून कळलं, म्हणून ते विसरले नाहीत.

पैसे कमी आणि रीडिंग जास्त हवी, हीही अडचण होतीच. त्यावर त्यांनी कुन या सहकाऱ्याबरोबर पॉलिथिनचा पातळ पडदा वापरून एक स्वस्तातला रेडिओमीटर बनवला. तो फुग्याला बांधून वर सोडायचा. १९५८ साली त्यावर पेपर लिहिला तेव्हा शीर्षकातच तो किफायतशीर असल्याचं सांगून टाकलं. मला हे फार आवडलं. आपण सेमिनारला 'नोव्हेल' आणि 'इंटेलिजंट' लिहितो, यांनी सरळ काटकसर लिहिली.

दरम्यान ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक उडाला. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष चालू होतं आणि अमेरिकेलाही आपल्या उपग्रहांवर पाठवायला प्रयोग हवे होते. सुओमी यांच्या डोक्यात आलं की शेताचा जमाखर्च मांडता येतो, तर पृथ्वीचा का नाही? पृथ्वीही एक शेतच, फक्त बांध दिसत नाही. इलेक्ट्रिकलचे प्राध्यापक रॉबर्ट पॅरंट यांना त्यांनी बरोबर घेतलं. एक हवामानवाला आणि एक इलेक्ट्रिकलवाला. ही जोडी पुढे बरीच वर्षं टिकली.

त्यांचं उपकरण बघितलं तर आजही आश्चर्य वाटतं, कारण त्यात जवळजवळ काहीच नाही. छोटे गोळे, त्यांना दिलेले रंग आणि आत तापमान मोजायची सोय. काळा गोळा सगळंच शोषतो, सूर्यप्रकाशही आणि पृथ्वीकडून येणारी अवरक्त उष्णताही. पांढरा गोळा सूर्यप्रकाश परत फेकतो, पण अवरक्त किरणांपुढे तोही काळ्यासारखाच वागतो. (पांढरा रंग डोळ्यांना पांढरा, उष्णतेला काळा. हीट ट्रान्सफर घेतलेल्यांना हे माहीत असेल.) दोघांच्या तापमानातल्या फरकावरून ऊन किती आणि पृथ्वीची उष्णता किती हे वेगळं काढता येतं. एक्सप्लोरर ७ या उपग्रहावर पूर्ण गोळ्यांऐवजी अर्धगोळे आरशावर बसवले होते. अर्धा गोळा आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब मिळून एक आख्खा गोळा! हा जुगाड नाही तर काय?

आता यात कॅलिब्रेशन कुठे आलं? विचार करा. उपग्रह पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला गेला की ऊन बंद. तिथे काळ्या आणि पांढऱ्या गोळ्याने तत्त्वतः सारखंच वागायला पाहिजे, कारण दोघांना फक्त पृथ्वीची उष्णता मिळतेय. नाही वागले तर तो फरक म्हणजे पासंग. आणि दिवसाच्या बाजूला फरक हळूहळू बदलत गेला तर समजायचं की पांढरा रंग अतिनील किरणांनी मळायला लागलाय. म्हणजे उपकरणाला तपासायचं साधन वेगळं पाठवायची गरजच नाही, कक्षेत फिरताना रात्र-दिवस हेच साधन. अर्थात कागदावर हे सोपं, प्रत्यक्षात गोळ्याला आधार देणाऱ्या दांडीतून येणारी उष्णता, उपग्रहाच्या अंगाची उष्णता असं सगळं वजा करत बसावं लागतं.

पण आधी वर तर जायला हवं! २२ जून १९५९ ला त्यांचं उपकरण व्हॅनगार्ड रॉकेटवर निघालं. दुसऱ्या टप्प्यात बिघाड झाला आणि सगळं समुद्रात गेलं. तीन आठवड्यांनी, १६ जुलैला, दुसरं उपकरण जुनो २ रॉकेटवर निघालं. उड्डाण होताच रॉकेट कलंडलं आणि पाच-सहा सेकंदांत सुरक्षेसाठी ते मुद्दाम उडवून द्यावं लागलं. महिनोन्‌महिने राबून केलेलं काम सहा सेकंदांत खलास. आपला प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री हार्ड डिस्कसकट गेला तर काय होतं ते आठवा, आणि त्याला कितीने गुणायचं ते तुम्हीच ठरवा. सुओमी आणि पॅरंट तिसऱ्यांदा उभे राहिले. १३ ऑक्टोबर १९५९ ला एक्सप्लोरर ७ नीट कक्षेत गेला, आणि पृथ्वीच्या उष्णतेचा जमाखर्च पहिल्यांदाच बाहेरून मोजला जाऊ लागला.

या मोजमापांतून काय निघालं हे कळायला थोडी वर्षं गेली. निरनिराळ्या उपग्रहांची पाच वर्षांची रीडिंग एकत्र करून सुओमी आणि त्यांचे विद्यार्थी थॉमस व्हॉन्डर हार यांनी १९७१ मध्ये पेपर लिहिला. तोवर समजूत होती की पृथ्वी सुमारे ३५ टक्के ऊन परत फेकते. उपग्रहांनी सांगितलं, ३० टक्केच. म्हणजे पृथ्वी आपण समजत होतो त्याहून काळी आणि उबदार निघाली. विषुववृत्ताजवळ जास्त उष्णता जमा होतेय म्हटल्यावर ती ध्रुवांकडे वाहून नेणारे वारे आणि समुद्रप्रवाह यांचं कामही जास्त धरावं लागलं. पाच टक्क्यांच्या फरकाने अख्ख्या विषयाचं गणित हललं. आता सांगा, उपकरणच पाच टक्के चुकत असतं तर? हा शोध होता की झिरो एरर, हे ठरवायला कॅलिब्रेशनशिवाय दुसरा मार्गच नव्हता.

आज हा प्रश्न आणखी कठीण झालाय. पृथ्वीवर दर चौरस मीटरला सरासरी ३४० वॅटच्या आसपास ऊन येतं. सुमारे १०० वॅट परावर्तित होतात, सुमारे २४० उष्णतेच्या रूपाने परत जातात. आत किती उरतात? एखाद्या वॅटच्या आसपास. पृथ्वी तापतेय म्हणतात ती या एका वॅटने. ३४० मध्ये १ म्हणजे ०.३ टक्के. साखर कारखान्याच्या काट्यावर दहा टनांची उसाची ट्रॉली उभी आहे आणि तिच्यावर तीस किलोचं पोरगं चढलं की उतरलं, हे काट्याने सांगायचं. आपल्याकडे कारखान्याचा काटा बरोबर आहे का यावरून गावात भांडणं होतात. तो काटा तपासायला निदान माणूस तिथे जाऊ तरी शकतो!

सुओमी सर्वांत जास्त ओळखले जातात ते मात्र दुसऱ्या कामासाठी. त्या काळचे हवामान उपग्रह खालून फिरत, एका जागेवरून दिवसातून एक-दोनदा जात. ढग सकाळी इथे होता, संध्याकाळी नाही. मधल्या वेळात काय झालं हे कोण सांगणार? ३६,००० किलोमीटर उंचीवर भूस्थिर कक्षेत कॅमेरा ठेवला तर उपग्रह जागचा हलणार नाही, हलेल ते फक्त हवामान. पण ते उपग्रह स्थिर राहावेत म्हणून भोवऱ्यासारखे फिरवत, मिनिटाला शंभर फेऱ्या. फिरत्या भोवऱ्यावरून फोटो काढणार कसा? सुओमी आणि पॅरंट यांनी अडचणीलाच कामाला लावलं. प्रत्येक फेरीत दुर्बिणीने पृथ्वीची एक आडवी रेघ वाचायची, पुढच्या फेरीला दुर्बीण केसभर तिरकी करायची आणि खालची रेघ वाचायची. दोन हजारांवर रेघा, वीसेक मिनिटं, की पृथ्वीचं आख्खं चित्र तयार. हा स्पिन-स्कॅन कॅमेरा डिसेंबर १९६६ मध्ये एटीएस-१ वर गेला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये एटीएस-३ वर रंगीत गेला.

इथेही पासंग आहेच. पृथ्वीची तबकडी तिथून साधारण १७ अंशांची दिसते. म्हणजे ३६० अंशांच्या फेरीत विसाव्या भागाइतकाच वेळ कॅमेऱ्यासमोर पृथ्वी असते, बाकी सगळा वेळ काळंकुट्ट आकाश. वाया गेला म्हणायचा तो वेळ? नाही, तिथे शून्य वाचून घ्यायचं! नंतर याच तत्त्वावरच्या उपकरणांत एका वेळी आठ रेघा वाचायला आठ डिटेक्टर बसवले, तेव्हा नवी डोकेदुखी सुरू झाली. आठांचे गेन एकसारखे नाहीत, त्यामुळे चित्रावर आडवे पट्टे उमटायचे. आठ जणांनी एकाच सर्किटची रीडिंग घेतल्यावर आठ उत्तरं येतात तसंच. मग एकाच दृश्यावर प्रत्येकाच्या आकड्यांचा पसारा जुळवून त्यांना एका सुरात आणावं लागे.

शिवाय नुसता उजेड नाही, जागाही बरोबर पाहिजे. ढग अर्ध्या तासात किती सरकला यावरून वाऱ्याचा वेग काढतात. चित्र दोनतीन किलोमीटरने इकडेतिकडे झालं तर ढग जागचा न हलताही सेकंदाला दीड मीटरचा वारा निघतो. म्हणून किनारपट्टीची ओळखीची टोकं धरून प्रत्येक चित्र जागेवर बसवायचं. हे हाताने करत बसणं अशक्य, त्यासाठी मॅडिसनमध्ये मॅकिडास ही संगणकप्रणाली तयार झाली. माणूस पडद्यावर ढगावर बोट ठेवणार आणि संगणक हिशेब करणार. १९७० च्या दशकातली गोष्ट आहे ही.

याचा आपल्याशीही संबंध आला. १९७८-७९ च्या जागतिक हवामान प्रयोगासाठी गोज-१ हा अमेरिकन उपग्रह सरकवून हिंदी महासागरावर आणला गेला. १९७९ च्या उन्हाळ्यात आपल्या मान्सूनचा अभ्यास करणारा मोनेक्स प्रयोग झाला, त्यातल्या समुद्रावरच्या वाऱ्यांचे आकडे या उपग्रहाच्या चित्रांतून मॅडिसनला काढले गेले. जिथे बोटी क्वचित जातात तिथल्या ढगांनी केरळकडे येणाऱ्या वाऱ्याची खबर दिली.

सुओमी यांची उपकरणं शुक्रावरही गेली. १९७८ च्या पायोनियर व्हीनस मोहिमेतल्या छोट्या शोधयानांवर त्यांचे रेडिओमीटर होते. तिथेही प्रश्न तोच, आत किती, बाहेर किती. १९७७ मध्ये त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. ३० जुलै १९९५ ला मॅडिसनमध्येच त्यांचं निधन झालं.

गोष्ट इथे संपायला हवी, पण संपत नाही. २८ ऑक्टोबर २०११ ला एक मोठा उपग्रह सोडला गेला आणि जानेवारी २०१२ मध्ये त्याचं नामकरण झालं, सुओमी एनपीपी. त्यावरचं मुख्य चित्रण-उपकरण व्हिअर्स. बावीस चॅनेल, तीन हजार किलोमीटर रुंदीचा पट्टा. रात्री दिसणारे शहरांचे दिवे, वणवे, समुद्राचा रंग, सगळं त्यात. आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांतच लक्षात आलं की जवळच्या अवरक्त चॅनेलची संवेदनशीलता भराभर घसरतेय. कोट्यवधी डॉलरचा डोळा, आणि मोतीबिंदू पहिल्याच महिन्यात!

हे लक्षात आलं कशावरून? व्हिअर्सच्या पोटात तपासायची चार-पाच साधनं आहेत. एक, आकाशाकडे बघून शून्य. दोन, ठरावीक तापमानाला ठेवलेला काळा पृष्ठभाग, उष्णतेच्या चॅनेलसाठी. दोन बिंदू मिळाले की रेषा काढता येते, आपलं वाय बरोबर एमएक्स अधिक सी. रेषा जरा वाकडी असेल तर? म्हणून मधूनमधून तो काळा पृष्ठभाग २६७ पासून ३१५ केल्व्हिनपर्यंत गरम-गार करून बघतात. तीन, एक पांढरी तबकडी, जिच्यावर सूर्यप्रकाश पाडून त्याच्याशी बाकीच्या चॅनेलची तुलना करायची. पण तबकडी पांढरी, आणि पांढरं उन्हात मळतं, हे पुन्हा आलंच. विशेषतः निळ्या रंगात ती काळवंडत जाते. म्हणून तबकडीवर नजर ठेवायला चौथं साधन, जे एकदा सूर्याकडे बघतं, एकदा तबकडीकडे, आणि दोघांचं गुणोत्तर काढतं. काट्यावर काटा, त्यावर आणखी एक काटा.

आणि पाचवं साधन उपग्रहावर नाहीच. ते म्हणजे चंद्र. चंद्रावर हवा नाही, पाऊस नाही, गवत उगवत नाही. त्याच्या पृष्ठभागाची चकाकी वर्षानुवर्षं जवळपास बदलत नाही. फक्त कला आणि अंतर यांचा हिशेब नीट ठेवायचा. म्हणून महिन्यातून एकदा, चंद्र ठरावीक कलेला, सुमारे ५१ अंशांच्या कोनावर असताना, हा उपग्रह काही अंश कलंडतो, चंद्राकडे बघून घेतो आणि पुन्हा सरळ होतो. वर्षातले काही महिने तो कोन जमत नाही, तेव्हा सुट्टी.

तबकडी आणि चंद्र दोघांनीही एकच सांगितलं, म्हणजे दोष बघणाऱ्याच्या डोळ्यात. त्याच पद्धतीने बनवलेल्या आरशांच्या नमुन्यांवर प्रयोग केले तेव्हा कारण सापडलं. दुर्बिणीच्या आरशांवर लेप देताना त्यात टंगस्टनच्या ऑक्साइडची भेसळ झाली होती. जमिनीवरच्या चाचण्यांत ते दिसलं नाही, कारण जमिनीवर आरशांवर अवकाशातलं अतिनील ऊन पडलंच नव्हतं. ते पडायला लागलं आणि आरसे काळवंडू लागले. काही चॅनेलनी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उजेड गमावला.

हिशेब करून असंही दिसलं की ही घसरण कायम चालणार नाही, एका पातळीला येऊन जवळजवळ थांबेल. तसंच झालं. डोळा अधू झाला, पण किती अधू झाला हे दर फेरीला मोजलेलं होतं, त्यामुळे तेवढ्याने गुणून आकडे दुरुस्त होत राहिले. पाच वर्षांचं आयुष्य धरून सोडलेल्या या उपग्रहाने दहा वर्षांहून जास्त काम केलं. २०१७ आणि २०२२ मध्ये व्हिअर्सच्या पुढच्या आवृत्त्या वर गेल्या, आणि त्या आपली रीडिंग सुओमीच्या रीडिंगशी ताडून बघू लागल्या.